पहिल्या अंकाचा माणूस

आमच्या नाटक कंपनीत त्यांना कोणी नावानं ओळखत नसे. चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत ते येऊन बसले, की पडद्याच्या भोकाला डोळा लावलेला नट मागे वळून हळूच सांगायचा, "पहिला अंक आला." लगेच रंगपटात शिस्त लागायची. ओरडणारे कुजबुजायचे, कुजबुजणारे गप्प व्हायचे, आणि त्या दिवशीचा जो कोणी खलनायक असेल तो मिशी पुन्हा एकदा दाबून बघायचा.

ते एका दैनिकात मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी सगळं वाचायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. ते इतकं अंगात मुरलं होतं, की घरी कुणाचं पत्र आलं तरी आधी लाल पेन्सिल शोधत. एखाद्या प्रुफात काहीच सापडलं नाही, तर खाली दोन शब्द लिहीत: 'चूक नाही.' एकतीस वर्षांत असं अकरा वेळा झालं, असं छापखान्याचा फोरमन सांगायचा. ती अकरा प्रुफं त्यानं घरी जपून ठेवली होती.

नाटकांची परीक्षणं त्यांच्याकडे आली ती गरजेपोटी. संपादकांना कोणीतरी हवं होतं आणि संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ मोकळा असा हा एकच माणूस सापडला. आमचं नाटक साडेसहाला उघडायचं. पावणेआठला मध्यंतराची घंटा व्हायची. साडेआठला त्यांच्या दैनिकाचं शेवटचं पान यंत्रावर चढायचं, आणि त्यांच्या सहीशिवाय ते चढत नसे. म्हणून घंटा झाली की ते उठत, छत्री उचलत आणि सायकलवर टांग मारून अकरा मिनिटांत छापखाना गाठत. तिथं उभ्या उभ्या परीक्षण लिहीत. जुळारी ते शिशाच्या अक्षरखिळ्यांत जुळवी, हे स्वतःचंच लिहिणं परक्याचं असल्यासारखं तपासत आणि सही ठोकत.

दुसरा अंक त्यांनी कधीच पाहिला नाही. आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल ते लिहीत नसत. इतर दैनिकांचे समीक्षक नाटक न बघताही सगळ्या अंकांबद्दल लिहू शकत. यांना ती विद्या काही जमली नाही. त्यांच्या सदराचं नावच होतं 'पहिला अंक'. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'नायिका आजारी पडली आहे. पुढे बरी झाली का, ते मला ठाऊक नाही. अभिनयावरून आशा वाटत नाही.'

आता याचा परिणाम काय व्हायचा तो झालाच. गावात दैनिकं तीन असली, तरी लोक विश्वास ठेवत तो यांच्यावर. त्यामुळे आम्ही नट मंडळी सगळा जीव पहिल्या अंकात ओतू लागलो. चांगले कपडे पहिल्या अंकात, चांगले दिवे पहिल्या अंकात. नाटककारांना मालक सांगत, "जे काय सुचतं ते मध्यंतराआधी घाला हो, नंतर कोण बघतंय!" नंतर सहाशे माणसं बघत असत, पण ती लिहीत नसत.

माझं नाव झालं ते असंच, पहिल्या अंकात मरून.

आमच्याकडे एक जुनं सुडाचं नाटक होतं. दीड-दोनशे वर्षांचं असेल. आम्ही त्याला 'पुलाचं नाटक' म्हणत असू. एक पूल बांधणारा असतो, थोरला भाऊ. त्याचा भागीदार असतो गावचा न्यायाधीश. पहिल्या अंकात पूल पुरा होतो आणि न्यायाधीश त्या भावाला मारून पुलाच्याच खांबात चिणतो. दुसऱ्या अंकात सात वर्षांनी धाकटी बहीण परदेशातून परत येते, भावाला शोधते आणि सूड घेते. तो थोरला भाऊ मी. माझं मरण अकरा मिनिटं चालायचं. मी खांबाला धरायचो, सोडायचो, पुन्हा धरायचो. गुडघ्यावर यायचो. प्रेक्षकांत रुमाल निघायचे. पहिल्या वेळी त्यांनी लिहिलं, 'मृत्यू अकरा मिनिटांचा आहे. नवव्या मिनिटापर्यंत पटतो.' ते कात्रण मी कित्येक वर्षं खिशात घेऊन हिंडलो. शेवटचं वाक्य घडीत जाईल अशा बेतानं दुमडलं होतं.

आणि त्या नाटकातली धाकटी बहीण म्हणजे ताई. ही ताई म्हणजे पहिल्या अंकाची, या आमच्या समीक्षकांची, सख्खी धाकटी बहीण.

ताई उंच होती, आवाज भारदस्त होता. असल्या बाईला पहिल्या अंकात बागेत फुलं वेचायला पाठवता येत नाही. कंपनीनं तिला कायम मागाहून येणारी कामं दिली. हिशेब चुकवायला येणारी आई, साक्ष फिरवायला येणारी विधवा, सूड घ्यायला येणारी बहीण. ती रंगमंचावर यायची तेव्हा कोणीतरी आधीच मेलेलं असायचं. एकवीस वर्षं ती आमच्यात होती आणि एकवीस वर्षांत तिच्या सख्ख्या भावानं तिचं एक वाक्यही ऐकलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी जायचं. त्यांना सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी आम्हालाही सुट्टी. रजा घ्यायची? रजा त्यांनी एकदा घेतली होती, आई अंथरुणाला खिळली तेव्हा, तीन दिवस. त्या तीन दिवसांत बदलीच्या माणसानं निधनवार्तेत एका धडधाकट शिंप्याचा फोटो जाऊ दिला. शिंपी सकाळी दुकान उघडायला गेला तर दारात माणसं जमलेली, आणि दोघं-तिघं शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आलेले. तेव्हापासून त्यांनी रजेचं नाव काढलं नाही. "मी एक संध्याकाळ बसलो नाही तर कोण मरेल सांगता येत नाही," असं ते म्हणत. हे ते गंभीरपणे म्हणत.

भाऊ अविवाहित, बहिणीचा नवरा लवकर गेलेला. दोघं एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत राहत. ताईला नवं काम मिळालं की ती संवाद पाठ करायला गच्चीवर जायची, कारण दादांना, म्हणजे या भावाला, पुढचं कळता कामा नये. ते शेवट ऐकून घेत नसत. "मी पाहिलेलं नाही, मला सांगू नका," एवढंच. पुलाच्या नाटकाचा पहिला अंक त्यांनी एकोणीस वेळा पाहिला, दर वेळी परीक्षण लिहिलं, आणि न्यायाधीशाचं पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अख्ख्या गावानं ते त्यांच्यापासून लपवलं होतं. न्हाव्याच्या दुकानात कोणी बोलायला लागला, तर न्हावी वस्तरा वर धरून म्हणायचा, "जरा थांबा. त्यांची दाढी होऊ द्या."

मग ताईचा घसा बिघडला. डॉक्टरांनी आत आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की रंगमंच बंद. नाहीतर वर्षभरात साधं बोलणंही बंद. हातात पुलाच्या नाटकाचा एक प्रयोग उरला होता, शनिवारचा. तो झाला की संपलं.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. दादा टेबलाशी दैनिकाचा कालचा अंक चाळत होते, छापून झाल्यावरसुद्धा लाल पेन्सिल हातात. ताई गळ्याभोवती मफलर गुंडाळून कप मांडत होती.

"दादा," ती म्हणाली, "शनिवारी शेवटचा."

"माहीत आहे. घोषणेचं प्रूफ मीच वाचलं."

"एकवीस वर्षं झाली. तू आमच्या दारवानाबद्दलसुद्धा लिहिलंस."

"त्यानं माझ्या समोर पहिल्या अंकात दोनदा दार आपटलं होतं."

"माझ्यावर एक ओळ लिही. वाईट लिही हवं तर. 'बाई उगाच ओरडते' असं लिही. पण लिही."

"न बघता?"

"मग बघ!"

दादांनी दैनिकाची नीट घडी केली, पेन्सिल तिच्यावर आडवी ठेवली. "साडेआठला पान लागतं गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बघू."

ताई माझ्याकडे वळली. "ऐकलंत ना? आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. आमच्या बाबांनी आईला समुद्र दाखवायचं 'बघू' म्हटलं होतं."

"दाखवला का?" मी विचारलं.

"ती गेली. समुद्र आहे अजून."

दादांनी साखरेचा डबा ओढला. त्यांनी चहात साखर घातली. आधीच घातलेली होती.

मी तिथून उठलो तो थेट मालकांकडे गेलो. मालक म्हणजे कंपनीचे मालक, मॅनेजर आणि गर्दी असेल तेव्हा तिकीटविक्रेते. त्यांच्यासमोर न्यायाधीशाचं काम करणारा आमचा खलनायक बसला होता, भला माणूस, स्वेटर विणत. मी म्हटलं, "शनिवारी पहिला अंक अर्ध्या तासात उरकायचा. मध्यंतराची घंटा द्यायची नाही. पडदा पडला की लगेच दुसरा अंक. घंटा झाल्याशिवाय तो माणूस उठत नाही. पावणेआठपर्यंत ताईची पाऊण तासाची कामगिरी त्याच्या डोळ्यांसमोर होईल. एक ओळ लिहायला तेवढं पुरे."

मालक म्हणाले, "अर्ध्या तासात कसा उरकेल? तुमचं नुसतं मरणच अकरा मिनिटांचं आहे."

"मी चाळीस सेकंदांत मरतो."

खलनायकाच्या सुया थांबल्या. "तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही सर्दी झाली तरी चाळीस सेकंदांत शिंकत नाही."

पण ठरलं. ताईला सांगायचं नाही हेही ठरलं, कारण तिला भीक नको होती. ही आमची चूक, ती पुढे भोवली.

शनिवारी साडेसहाला पडदा वर गेला आणि आम्ही सुटलो. पूल बांधायला एरवी वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी सहा मिनिटांत बांधला. मजुरांचं गाणं एका कडव्यावर आलं. न्यायाधीश आणि मी, आमची मैत्री, भागीदारी आणि वितुष्ट हे तिन्ही एकाच चहाच्या पेल्यावर आटोपलं. चौथ्या रांगेत दादा ताठ बसलेले मला दिसत होते. त्यांच्या कपाळावर एक आठी चढली, मग दुसरी. खून झाला. मी खांबाला धरलं. सवयीनं हात सोडून पुन्हा धरणार, एवढ्यात खलनायक माझ्या कानाशी म्हणाला, "मरा आता, मरा." मी मेलो. आयुष्यात एवढं साधं मरण मी कधी मेलो नव्हतो. एकही रुमाल निघाला नाही.

पडदा पडला. सात वाजून दोन मिनिटं झाली होती. भोकातून पाहिलं तर दादा अर्धवट उठलेले, एक हात छत्रीवर, घंटेची वाट बघत. घंटा झाली नाही. मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, "बसा हो, दिसत नाही." आणि पडदा वर गेला.

इकडे रंगपटात ताई आरशासमोर होती. तिच्या हिशेबानं अजून तास होता. प्रॉम्प्टर धावत येऊन ओरडला, "ताई, तुमचा प्रवेश!" तिला वाटलं थट्टा. मग तिनं रंगमंचावरून स्वतःच्या प्रवेशाआधीचं वाक्य ऐकलं आणि तशीच उठून पळाली. एक भुवई रंगवून झाली होती, दुसरी व्हायची होती. उजवीकडून ती सूड घ्यायला आलेली बहीण होती, डावीकडून घरातली.

मी मेलेलाच होतो, त्यामुळे विंगेत उभं राहून सगळं बघता आलं. ती पुलावर आली आणि खांबाशी थांबली. तिला अजून ठाऊक नसतं की भाऊ त्यातच आहे. एरवी ती इथं मोठ्या आवाजात हाक मारायची. त्या दिवशी घसा धरलेला होता, म्हणून तिनं ती हाक जपून, खालच्या पट्टीत मारली. "दादा," एवढंच वाक्य आहे. एकवीस वर्षं तीच हाक. पण चौथ्या रांगेत तेव्हा खुर्ची रिकामी असायची.

दादा बसले. छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले.

पावणेआठ झाले. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. मी, खलनायक (त्याचा त्या वेळी प्रवेश नव्हता) आणि प्रॉम्प्टर असे तिघं विंगेतून बघत होतो. त्यांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, किल्ली दिली आणि परत खिशात ठेवलं. ते उठले नाहीत.

"आता?" खलनायक म्हणाला.

"आता काय! तुम्ही जाऊन मरा," मी म्हटलं.

आठ वाजून वीस मिनिटांनी तिकीटखिडकीतला फोन वाजला. छापखान्याचा फोरमन होता. मालकांनी नंतर हे संभाषण आम्हाला निदान पन्नास वेळा करून दाखवलं.

"आमचे मुद्रितशोधक तिथं आहेत का?"

"आहेत. बसलेत."

"उठवा त्यांना. पान अडलंय."

"आत्ता नाही उठवता येणार. सूड चाललाय."

"किती वेळ चालेल?"

"जुना सूड आहे हो, जरा वेळ लागणार."

तिकडे रंगमंचावर न्यायाधीशानं त्याच पुलावर येऊन, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या तोंडानं खांबाकडे बोट दाखवलं, आणि ताईनं त्याला हातही न लावता त्या पुलावरून एकटं चालत जायला लावलं. आठ पन्नासला शेवटचा पडदा पडला. लोक उभे राहिले. दादा उभे राहिले नाहीत. त्यांनी छत्री उचलली आणि गर्दीच्या आधी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं दैनिक उघडलं. शेवटच्या पानावर डाव्या बाजूला चौकट होती, वर 'पहिला अंक' असं सदराचं नाव होतं, आणि खाली काही नव्हतं. पांढरं. एकतीस वर्षांत हा माणूस कधी उशिरा आला नव्हता, म्हणून त्या जागेत टाकायला फोरमननं दुसरं काही ठेवलंच नव्हतं. त्यानं पावणेनऊपर्यंत वाट पाहिली आणि पान तसंच, पहिल्यांदाच सहीशिवाय, सोडलं. लोकांचे दैनिकाला फोन आले. काहींना वाटलं, परीक्षण फारच कडक असणार.

संपादकांनी लेखी खुलासा मागितला. दादांनी दिला तो असा: 'काल मध्यंतराची घंटा झाली नाही. त्यामुळे पहिला अंक आठ पन्नासपर्यंत चालला. नाटक संपण्यापूर्वी उठता आले नाही.' संपादक म्हणाले, ठीक आहे, मग आज लिहा. दादांनी खाली जोडलं: 'प्रमुख नटी माझी बहीण आहे. नात्यातल्या माणसांबद्दल मी लिहीत नाही. आजवर हा प्रश्न आला नव्हता.'

हे ऐकून मी डोक्याला हात लावला आणि त्यांच्या जिन्यावर गेलो. मी चाळीस सेकंदांत मेलो ते कशासाठी? या पांढऱ्या चौकटीसाठी?

ताई टेबलाशी बसली होती. तिनं ती चौकट कात्रीनं नेमकी कापून काढली होती आणि टेबलावर ठेवली होती. दादा समोर. तिचा आवाज बसला होता, बोलायची मनाईच होती. तिनं कात्रण बोटानं त्यांच्याकडे सरकवलं. मग लाल पेन्सिल सरकवली.

"मी खुलाशात लिहिलंय," दादा म्हणाले. "नात्यातल्या—"

ताईनं पेन्सिल आणखी एक बोटभर सरकवली.

"हे छापलं जाणार नाही," मी मधे बोललो. "छापलं नाही म्हणजे परीक्षण नव्हे. हे नुसतं प्रूफ."

दादांनी माझ्याकडे बघितलं. हा मुद्दा त्यांना पटलेला दिसला. त्यांनी चष्मा पुसला, कात्रण सरळ केलं आणि त्या पांढऱ्या जागेकडे असे बघत बसले, जसं काही ते ओळीनं वाचत होते. मग खाली बारीक अक्षरात लिहिलं, सही केली आणि कात्रण ताईकडे परत दिलं. मी मान लांब करून वाचलं.

'डावी भुवई राहिली. बाकी चूक नाही.'

ताईनं ते वाचलं, उठली आणि आत गेली. आतून पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालला. दादांनी कप उचलून बघितला, रिकामा होता, परत ठेवला.

पुढे ते कात्रण चौकट करून त्या खोलीत भिंतीवर लागलं. फोरमन ते बघायला मुद्दाम आला आणि म्हणाला, बारावं. ताईनं पुढं मुलांना वाचायला शिकवायचं काम घेतलं, हळू आवाजात. दादा निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं, आता सगळी नाटकं पुरी बघा. ते दोन-तीन बघायला आले आणि मध्यंतराची घंटा झाली की उठून जात. सवय.

त्या कात्रणाच्या दिवशी मात्र जिना उतरायच्या आधी मी त्यांना विचारलंच. एवढा त्याग केला होता, माणसाला वाटतं ना.

"आणि माझं मरण? चाळीस सेकंदांचं?"

त्यांनी जरा विचार केला.

"पहिल्यांदाच," ते म्हणाले, "शेवटपर्यंत पटलं."